बापाला काम मिळालं की लेक घरी: मानखुर्दमधल्या एका शाळाबाह्य मुलीचं प्रकरण

मानखुर्दच्या एका वस्तीत आम्ही काही जण मिळून अभ्यासिका चालवतो. या प्रकरणातल्या मुलीला इथे मनीषा म्हटलं आहे. ते तिचं खरं नाव नाही. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळांची नावं घेतलेली नाहीत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, आमच्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

मनीषाचं कुटुंब जालना जिल्ह्यातलं. घरची दोन एकर कोरडवाहू, त्यात आजोबांच्या आजारपणाचं कर्ज. २०२१ च्या दिवाळीनंतर आई, वडील, मनीषा आणि दोन महिन्यांचं बाळ असे चौघे मुंबईला आले आणि मानखुर्दला मावशीच्या ओळखीने भाड्याच्या खोलीत राहू लागले. वडील नाक्यावर उभे राहून बिगारी काम करतात. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर आईने देवनार आणि चेंबूरकडची चार घरं धरली: धुणं, भांडी, लादी.

गावी मनीषा जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. पाचवीचं अख्खं वर्ष कोरोनात गेलं. घरात एकच फोन, तोही वडिलांच्या खिशात. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या शाळा उघडल्या, ती सहावीत जेमतेम महिनाभर बसली आणि कुटुंबाने गाव सोडलं. स्थलांतर करणाऱ्या मुलांना गावच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं. ते दाखवलं की नव्या गावच्या शाळेत सहज बसता येतं. ते तिला कुणी दिलं नाही, आणि असं काही मिळतं हे घरच्यांना ठाऊकही नव्हतं.

आमच्या वस्तीशेजारीच साठे नगर आहे. ज्या अण्णा भाऊंचं नाव त्या वस्तीला आहे, त्यांच्या वाट्याला शाळा दीडच दिवस आली, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. मला ते नाव वाचलं की दर वेळी वाटतं, की शंभर वर्षांनीही त्याच वस्त्यांमध्ये आपण शाळेबाहेरची मुलं मोजत फिरतो आहोत.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही घरोघरी फिरून शाळाबाह्य मुलांची यादी केली, तेव्हा मनीषा सापडली. सव्वा वर्ष शाळेबाहेर. कडेवर भाऊ, हातात पाण्याचा हंडा. वय बारा पूर्ण.

अडचण, आम्हाला आधी दिसली ती

आम्हाला वाटलं, प्रश्न प्रवेशाचा आहे. आईला विचारलं तर ती म्हणाली, "दाखला न्हाई, आधारवर गावचा पत्ता. घेतील का?" आम्ही त्यावरच धावलो.

जवळच्या महापालिका शाळेत पहिलं उत्तर मिळालं: "दाखला आणा, ऑनलाइन नाव गावच्या शाळेतून सुटू द्या, आता फेब्रुवारी लागतोय, जूनमध्ये या." मुख्याध्यापकांचा स्वर वाईट नव्हता. वर्षअखेरीला नवीन नाव पटावर घेतलं की त्याची माहिती भरायची, हजेरी दाखवायची, चाचणी घ्यायची, हे सगळं त्यांच्याच माथी येतं.

इथे आमच्यासमोर पहिला निर्णय होता. जूनपर्यंत थांबायचं की आत्ताच आग्रह धरायचा? थांबण्याच्या बाजूने एक कारण होतं: सातवीच्या उरलेल्या दोन महिन्यांत ती गोंधळून जाईल. आग्रहाच्या बाजूने दुसरं: मे महिन्यात कुटुंब गावी जाणार, लग्नसराई, आणि जूनमध्ये मनीषा परत येईलच याची खात्री नाही. पटावर नाव असलं तर कुणीतरी तिला शोधायला बांधील राहतं.

आम्ही आग्रह धरला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही, आणि शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गातच बसवायचं, मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा, असं तो कायदा सांगतो. आम्ही ती कलमं छापून नेली, पण टेबलावर आपटली नाहीत. शाळेतल्या एक बाई बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शोधून शाळेत आणणाऱ्या आणि टिकवणाऱ्या शिक्षिका म्हणून, काम करत होत्या. त्यांना आधी भेटलो, त्यांनीच मुख्याध्यापकांना समजावलं. आठवडाभरात मनीषा सातवीच्या वर्गात बसली. महापालिकेकडून मिळतात त्या वह्या, दप्तर, गणवेश, बूट वर्षअखेर असल्याने सगळं मिळालं नाही, पण पुस्तकं मिळाली. आम्ही खूश होतो.

अडचण, खरी

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून ती गळू लागली. आठवड्यात तीन दिवस, मग दोन. एखादा आठवडा सलग पाच दिवस यायची आणि पुढचा आठवडा पूर्ण गायब. आम्ही वर्गात जाऊन पाहिलं, तिला कुणी चिडवत होतं का. चिडवत होते, गावच्या बोलीवरून, पण ते काही कारण नव्हतं. तिला शाळा आवडत होती. दुपारच्या खिचडीपेक्षाही तिला वर्गातली खिडकी आवडायची, हे तिनेच सांगितलं.

उत्तर सापडलं ते बालरक्षक बाईंना. त्यांनी हजेरीपट समोर ठेवला आणि आमच्या कार्यकर्तीला म्हणाल्या, "हिचे वडील नाक्यावर जातात ना? त्यांना काम कधी मिळालं होतं, विचारून या." आम्ही आठवेल तेवढं विचारून तारखा जुळवल्या. चित्र लख्ख होतं. वडिलांना काम मिळालं नाही की ते घरी, बाळ त्यांच्याकडे, मनीषा शाळेत. वडिलांना काम मिळालं की मनीषा घरी. घराला चार पैसे मिळायचे त्या दिवशी मुलीची शाळा बुडायची.

आई पावणेसातला बाहेर पडायची आणि दोनला परत यायची. शाळा सकाळच्या सत्राची, सातपासून साडेबारापर्यंत. बाळ दीड वर्षाचं. अंगणवाडीत नाव होतं, पण तीन वर्षांखालच्या मुलांना तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, त्यांना सांभाळायची सोय नसते. तीन वर्षांवरच्यांनाही ती जागा काही तासांपुरतीच.

या शोधानंतर आम्ही पहिल्यांदा आईसमोर शांत बसलो. तिने जे सांगितलं ते आजही कानात आहे: "ताई, तुमी शाळा फुकट हाय म्हन्ता. पोरगी फुकट न्हाई ना. ती गेली तर लेकराला कोन बघंल?"

मुलीच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न मनाशी विचारून पाहावा असं मला कळकळीने वाटतं. राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी नाही, आठवीपर्यंत पुस्तकं आणि जेवण मिळतं. तरीही घरातल्या मोठ्या मुलीचे सकाळचे सहा तास भरून काढणारं कुणी नसेल, तर ही सगळी मदत दाराबाहेरच थांबते.

कोणते पर्याय होते

एप्रिल २०२३ मध्ये आम्ही, बालरक्षक बाई आणि मनीषाची आई असे बसलो. वडील दाराशी उभे राहून ऐकत होते.

पहिला पर्याय होता कुटुंबाला दरमहा रोख मदत. देणगीदार तयार होते. पण रक्कम किती? आईच्या चार घरांपैकी दोन सुटतील एवढी द्यायची तर ती आम्हाला वर्षभरही पेलली नसती. आणि आईला ती नको होती. "आज तुमी देता, उद्या न्हाई दिलं तर? धरलेली घरं परत मिळत न्हाईत."

दुसरा, मुलीला गावी आजीकडे ठेवणं किंवा वसतिगृहात घालणं. वडिलांचा कल गावाकडे होता. मनीषा गप्प बसली होती आणि ते गप्प बसणं नकारासारखं होतं. बारा-तेरा वर्षांची मुलगी आईपासून दूर, गावात लग्नाच्या बोलण्यांमध्ये. आम्ही याला स्पष्ट विरोध केला. बाहेरच्यांनी इतकं ठासून बोलावं का, यावर आमच्यात नंतर वाद झाला. माझं मत आजही तेच आहे.

तिसरा, शाळा सोडून पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. हा मार्ग उपयोगी आहे, पण मोठ्या मुलांसाठी. तेराव्या वर्षी तो दाखवणं म्हणजे चार वर्षं घरी राहायला परवानगी देणं. हा आम्ही लगेच बाजूला ठेवला.

चौथा, पाळणाघर. परवडेल असं वस्तीत नव्हतं. मात्र तीन खोल्या सोडून राहणाऱ्या एक काकू दोन मुलं सांभाळत होत्या.

पाचवा पर्याय आईनेच काढला. "दुपारची शाळा न्हाई का?" आम्ही तीन महिने शाळा, कायदा, दाखला, आधार यात फिरत होतो, आणि हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. जवळच्या शाळेत मराठी माध्यमाचे वरचे वर्ग फक्त सकाळी भरत. मराठी शाळांचा पट घसरत चालला आहे, वर्ग कमी झाले की सत्राची निवडही संपते, हे त्या दिवशी आम्हाला नीट कळलं. दुपारच्या सत्रात मराठी आठवी होती ती दुसऱ्या इमारतीत, चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, मोठा रस्ता ओलांडून.

म्हणजे निवड होती जवळची सकाळची शाळा आणि लांबची दुपारची शाळा यांत. आम्ही आजवर शाळा जितकी जवळ तितकी बरी असंच मानत आलो होतो. इथे मुलीच्या दिवसात बसणारी शाळा लांबची होती.

काय केलं

जून २०२३ मध्ये मनीषा दुपारच्या सत्रात आठवीत गेली. सत्र साडेबारा ते सहा. आई दोनला घरी. म्हणजे बारापासून दोनपर्यंतची फट उरली. ती काकूंनी भरली, महिना ६०० रुपयांवर. आम्ही पूर्ण पैसे देऊ केले, आईने नाही म्हटलं, शेवटी निम्मे-निम्मे ठरले. हे ३०० रुपये आमच्या हिशेबातली सगळ्यात छोटी नोंद आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम तिनेच केलं.

ऑगस्टमध्ये पावसाने गाड्या रखडल्या की आई तीन-साडेतीनला यायची आणि काकू कुरकुर करायच्या. आईने मग चौथ्या घरच्या बाईंशी बोलून वेळ संध्याकाळची करून घेतली. ते बोलणं आम्ही करून देऊ असं म्हटलं होतं. तिने ते स्वतःच केलं.

आता सकाळ मोकळी होती, पण बाळासकट. आमची अभ्यासिका सकाळी दहा ते बारा. नियम होता, लहान भावंडं आणायची नाहीत, गोंगाट होतो. मनीषा दोन दिवस दाराशी बाळाला घेऊन उभी राहिली आणि परत गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही नियम काढून टाकला. कोपऱ्यात चटई टाकली, डबे, चमचे, जुने ठोकळे ठेवले. दोन आठवड्यांत आणखी पाच मुली आपापली भावंडं घेऊन आल्या. त्यांतल्या तिघी यादीत 'अभ्यासाची आवड नाही' या रकान्यात होत्या. तो रकाना भरताना आम्ही त्यांच्या कडेवर कोण आहे हे पाहिलंच नव्हतं.

अभ्यासाचं चित्र असं होतं. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात वापरतात तशी साधी चाचणी घेतली. गोष्ट ती वाचायची, अडखळत पण समजून. गणितात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमत नव्हतं. समोर आठवीचं पुस्तक, त्यात बैजिक राशी. विशेष प्रशिक्षण कागदावर सुरू होतं, पण शिक्षक एकच आणि मुलं वेगवेगळ्या इयत्तांची. आम्ही ठरवलं, वर्षभर फक्त दोन गोष्टी: रोज एक पान मोठ्याने वाचन आणि भागाकार-अपूर्णांक. इंग्रजी सोडून दिलं. याची किंमत पुढे मोजावी लागली.

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली होती. नापास झाले तर पुनर्परीक्षा, तरी नाही जमलं तर त्याच वर्गात. मनीषाच्या घरी त्याचा अर्थ सरळ होता: नापास झाली तर शाळा बंद. मार्चमध्ये तिला ताप भरला तरी ती परीक्षेला गेली. पास झाली.

एक प्रयत्न फसला, तोही नोंदवतो. बांधकाम कामगार म्हणून वडिलांची नोंदणी झाली तर मुलांना कल्याणकारी मंडळाची शैक्षणिक मदत मिळते, पहिली ते सातवीला वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीला ५,००० रुपये. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो. मुकादम सही द्यायला तयार नव्हता, दुसऱ्याने पैसे मागितले. सात महिने गेले. शिवाय सातवीपर्यंतच्या मदतीला ७५ टक्के हजेरी आणि पुढे ५० टक्के गुण ही अट आहे. म्हणजे ज्या मुलीची हजेरी गरिबीमुळे बुडाली, ती त्याच कारणाने मदतीतूनही सुटली. अट घालणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण तिचा जाच वस्तीतल्या मुलींनाच होतो.

दुसरा उंबरठा

ती महापालिका शाळा आठवीपर्यंतच होती. नववीला नवी शाळा, आणि त्याच वर्षी मनीषाला चौदा पूर्ण होऊन शिक्षण हक्क कायद्याची ढाल गेली. खिचडी संपली. मोफत पाठ्यपुस्तकंही संपली.

रेल्वेलाइनच्या पलीकडच्या एका अनुदानित शाळेने जागा नाही म्हणून सांगितलं. पाठीमागचं कारण दहावीचा निकाल हे असावं, असा आमचा अंदाज. कच्ची मुलगी नववीत घेतली तर दोन वर्षांनी टक्का घसरतो. दुसरीकडे रात्रशाळेचा विचार झाला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, मुंबईतही रात्रशाळांची परंपरा जुनी आहे आणि तिथून शिकून माणसं उभी राहिली आहेत. पण साडेनऊला सुटून एकटी मुलगी या गल्ल्यांतून यायची कशी? आई म्हणाली, "मला झोप यायची न्हाई." विषय संपला.

शेवटी पुन्हा बालरक्षक बाईच धावल्या. सुट्टीच्या दिवशी त्या मनीषाला घेऊन त्या अनुदानित शाळेत गेल्या, तिच्या वह्या मुख्याध्यापिकांच्या समोर ठेवल्या आणि म्हणाल्या, "सव्वा वर्ष शाळेबाहेर होती ही, आता हे अक्षर बघा." प्रवेश झाला. जाण्यायेण्याला त्याच वाटेवरच्या चार मुलींचा गट जमवला. हिवाळ्यात संध्याकाळी सव्वासहाला अंधारून येतं, तेव्हा कुणाचा ना कुणाचा बाप पुलापाशी उभा राहतो. पाळी ठरलेली आहे. मनीषाचे वडीलही त्यात आहेत, आणि ज्या दिवशी त्यांची पाळी असते त्या दिवशी ते लांबचं काम घेत नाहीत.

निष्पत्ती

मनीषा आज, २०२५ मध्ये, दहावीत आहे. नववीला ५४ टक्के मिळाले. हजेरी नियमित. भाऊ बालवाडीत जातो. इंग्रजी कच्चं आहे, फार कच्चं, आणि येत्या फेब्रुवारीतल्या परीक्षेत तोच विषय तिला भिववतो. बीजगणितात पहिल्या दोन प्रकरणांच्या पुढे ती अजून गोंधळते. वडिलांची नोंदणी अखेर झाली, मदतीचा अर्ज भरला आहे, पैसे आलेले नाहीत. तिला परिचारिका व्हायचं आहे. त्यासाठी बारावीनंतर काय लागतं हे ती स्वतः एका दवाखान्यात जाऊन विचारून आली आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच भेटीत आईला दिवस कसा जातो ते विचारायला हवं होतं. उठणं, पाणी, काम, बाळ, परत येणं, कोण कुठे किती वाजता. आता आमच्या यादीत हा तक्ता पहिला भरला जातो, दाखल्याचा रकाना शेवटी येतो. फेब्रुवारीत घातलेला आग्रह योग्य होता असं मी अजूनही म्हणेन, पण तो करताना सत्राचा विचार केला असता तर दोन दाखले आणि एक शाळाबदल वाचला असता.

इंग्रजी वर्षभर बाजूला ठेवणं हा माझा निर्णय होता आणि तो चुकला. आठवड्यात दोन दिवस, अर्धा तास, एवढं तरी ठेवायला हवं होतं.

नववीची तयारी आठवीच्या दिवाळीतच सुरू व्हायला हवी होती. आम्ही निकालानंतर शाळा शोधायला निघालो, तोवर जागा भरत आल्या होत्या. बालरक्षक बाई नसत्या तर ही मुलगी तिथेच थांबली असती, आणि एका बाईंच्या सुट्टीच्या दिवसावर मुलीचं शिक्षण अवलंबून राहणं मला अजून खुपतं.

सगळ्यात जड गोष्ट मनीषाची नाहीच. जानेवारी २०२३ च्या यादीत तिच्या वरच्या ओळीत अकरा वर्षांची आणखी एक मुलगी होती. तीही भावंड सांभाळायची, तीही चटईच्या कोपऱ्यात यायची, पाढे मनीषापेक्षा भरभर म्हणायची. २०२४ च्या उन्हाळ्याआधी त्यांच्या गल्लीवर तोडक कारवाई झाली. चार दिवसांत कुटुंब निघून गेलं, कुणी म्हणालं भिवंडी, कुणी म्हणालं गाव. फोन बंद आहे. गावच्या शाळेने मनीषाला जे पत्रक दिलं नव्हतं, ते या मुलीच्या हातात तिच्या मुंबईच्या शाळेकडून द्यायला लावणं आमच्या हातात होतं. कारवाईच्या नोटिसा भिंतीवर पंधरा दिवस आधी लागल्या होत्या आणि आम्ही त्या रोज वाचून अभ्यासिका उघडत होतो. आता नोटीस दिसली की त्याच दिवशी शाळेत जाऊन त्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाचं शिक्षण हमी पत्रक मागतो. तिची वही आमच्या कपाटात आहे, सतराच्या पाढ्यापर्यंत भरलेली.